डावी पाकळी

सोहार, ओमान
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥

तीर्थरूप आबांस,
धनाजीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मंगळवारी, संक्रांतीच्या सकाळी, मी साडेचारला उठलो. आंघोळ करून खाली गेलो आणि इमारतीच्या कुंपणाशी सदाफुलीचं झाड आहे, त्याची दोन फुलं घेऊन आलो. खंडेरायाचा टाक पुसला, उदबत्ती लावली. मग टाकाच्या उजव्या आणि डाव्या खांद्याशी एकेक पाकळी पाण्यानं चिकटवली आणि हात जोडून विचारलं, की या वर्षी नोकरी सोडून बडोद्याला कायमचा येऊ का. उजवी आधी पडली तर यावं, डावी पडली तर थांबावं. आजोबा गावात कौल लावायचे, तसाच.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी इथून निघून दहाव्याला पोचलो, हे तुमच्या लक्षात आहेच. पुढच्या जानेवारीत कराराचं ठरवायची वेळ आली. येऊ की थांबू हे मला ठरवता येईना, म्हणून पहिल्यांदा कौल लावला. डावी पडली. दोन वर्षांनी पुन्हा लावला, डावी. तेवीस साली डावी. आणि परवा मंगळवारी, भात शिजेपर्यंतही वाट बघावी लागली नाही, डावीच पडली. चार वेळा देव एकच गोष्ट सांगतो म्हटल्यावर माणसानं ऐकायला हवं. तरी मन ऐकत नाही, म्हणून हे पत्र.

त्यात आणखी एक झालं. बुधवारी प्राचार्य बाईंनी बोलावलं आणि इंग्रजी विभागाचं प्रमुखपद देऊ केलं. आजवर ते ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांनाच मिळे. आमचा मार्टिन इंग्लंडचा. तो आणि मी सारखेच तास घेतो, त्याला आठशे रियाल, मला चारशे वीस. वाईट नाही हो तो. महिन्याच्या वीस तारखेला त्याचा पगार वाळवंटात तंबू ठोकण्यात संपलेला असतो, आणि मुलांनी व्याकरणात अडवलं की मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, की हे असं का म्हणतात. त्याला ते बोलता येतं, पण कारण ठाऊक नसतं. मला कारणं सगळी ठाऊक, कारण मी ती एकेक करून शिकलो. वाघोडिया तालुक्यातल्या गुजराती शाळेत पाचवीत ए बी सी डी गिरवलेल्या माणसाला आता मार्टिनवरची खुर्ची देऊ करतात, हे ऐकून आईनं पेढे वाटले असते.

पगार सहाशे पन्नास होईल. कुटुंबासाठी दोन खोल्यांचं घरही देतील. म्हणजे घरी जास्त पैसे पाठवता येतील. तुम्हाला माहीतच आहे, मी ऐंशी रियालमध्ये महिना काढतो. खोली, वीज, पाणी शाळेचं; तांदूळ, डाळ मल्याळी दुकानातून; उरलेलं सगळं एक्स्चेंजच्या रांगेत. या महिन्यात रुपया आणखी घसरला, रियालला दोनशे तेवीसपर्यंत मिळाले, आणि रांगेतले आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसलो. आपल्या देशाचा रुपया पडल्यावर हसणारी माणसं आम्हीच. बाहेर आल्यावर मला त्याची लाज वाटली.

आता मुद्द्याचं. सोडायचं असेल तर सत्तावीस फेब्रुवारीपर्यंत लेखी द्यायचं. काही दिलं नाही तर करार आपोआप दोन वर्षं वाढतो. म्हणजे गप्प बसलं तरी होकारच होतो. दर वेळी मी गप्प बसलो आणि स्वतःला म्हणालो, अजून दोनच वर्षं. तशी बारा होतील या उन्हाळ्यात. मी एकोणपन्नासचा झालो आहे, तुम्ही एकोणऐंशीचे.

तुमचं मत कळवावं. शलाकाला म्हणावं, बारावीचा अभ्यास सोडून माझ्या पत्रांची झेरॉक्स काढायला धावू नकोस, सवडीनं काढ.

तुमच्या आशीर्वादाच्या भरवशावर असलेला,
धनाजी

*

गोत्री, बडोदे
२४ जानेवारी २०२५

चि. धनाजीस,
जयसिंगरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र एकोणीस तारखेला हातात आलं. शलाकाच्या फोनवर तू पाठवलेले फोटो हार्दिकभाईच्या दुकानात छापले जातात, आणि छापता छापता हार्दिकभाई ते वाचतो. मराठी येत नाही म्हणतो, पण इतकं येतं. मला पत्र देताना त्यानं हातवारे करून विचारलं, की कौलमां शुं आव्युं, म्हणजे कौलात काय आलं. तेव्हा मला कळलं की माझ्या मुलानं कौल लावला आहे. तू सहा वर्षं बापापासून लपवलंस आणि सोसायटीच्या झेरॉक्सवाल्याला आधी कळलं. असो.

उत्तरायण चांगली झाली. मला गच्चीवर खुर्ची टाकून बसवलं होतं. चार दिशांना भोंगे लावलेले आणि पतंग कापला की पोरं काय पो छे करून ओरडत होती म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. बहिरेपणाचा एवढा फायदा आजवर झाला नव्हता. फक्त आकाश आणि पतंग. पूर्णिमानं उंधियू केला होता, जिलबी बाहेरची. तुझ्या वाटची जिलबी मी खाल्ली, तिला सांगू नकोस, साखर मोजते माझी.

मी तुला बोलत नाही, लिहितो, कारण फोनवर तुझा आवाज मला मुंग्यांसारखा येतो. आणि तू गुजराती शाळेत शिकलेला. तुझं मराठी मी अंगणात पाटीवर गिरवून घेतलं आहे, ते मोडू नये म्हणून ही पत्रं. अक्षर अजून बरं आहे. अनुस्वार गाळतोस.

आता कौलाचं. मत नंतर देईन. आधी चार गोष्टी विचारतो, त्यांची नीट बघून उत्तरं दे, अंदाजानं नको.

देवाची फळी खोलीत नेमकी कुठे आहे आणि देवाचं तोंड कुणीकडे. फळीच्या आजूबाजूला खिडकी, पंखा, गॅस, काय काय आहे आणि कोणत्या हाताला. पाकळ्या लावल्यावर पडेपर्यंत खोलीत काय चालू असतं. आणि चारही वेळा फळी तिथेच होती का.

हे का विचारतो ते सांगतो. मी अठ्ठावीस वर्षं वाघोडियाच्या कारखान्यात रंगाची भुकटी सुकवायची यंत्रं सांभाळली. ट्रेमधला माल एका बाजूनं आधी सुकला, तर आम्ही देवाला दोष देत नसू. वारा कुठून येतो ते बघत असू.

प्रमुखपदाचं वाचून फार बरं वाटलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मग तुझ्या आईच्या फोटोपुढे उभं राहून एकदा मोठ्यानं वाचलं. पूर्णिमा म्हणाली, की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

प्रकृतीला जपावं. माया आहेच, ती वेगळी काय लिहायची.
आबा

*

गोत्री, बडोदे
२ फेब्रुवारी २०२५

अहो,
सौ. पूर्णिमाचा सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिते आहे याचं नवल वाटून घेऊ नका. रोज फोनवर बोलतो खरं, पण नोकरीचा विषय काढला की तुम्ही बघू म्हणता आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही, असं आबा म्हणाले आणि वही पुढे केली.

तुमचं पत्र मी वाचलं. हार्दिकभाईंनी वाचलं, शेजारच्या मीनाबेननी वाचलं, मग माझी पाळी आली. रागावणार होते, की आयुष्यभराच्या प्रश्नाला सदाफुलीची पाकळी लावली, बायकोला विचारलं नाही. पण राग आला नाही. सहा वर्षं तुम्ही यायचं म्हणत होतात, हे मला पहिल्यांदाच कळलं. मला वाटत होतं, तुम्हाला तिथलं आवडतं. सुट्टीत आलात की तिसऱ्या दिवशी तिथल्या स्वच्छ रस्त्यांच्या गोष्टी सांगता. मी म्हटलं, माणूस रमला आहे, आपण कशाला ओढायचं. आणि तुम्हाला वाटत होतं, आम्हाला पैसे हवेत. बारा वर्षं असा मान ठेवला आपण एकमेकांचा.

तर आता माझ्याकडूनही एक नोकरी देऊ करते. तुमच्या शाळेसारखा करार करून पाठवते आहे, नीट वाचा.

संस्था: पूर्णिमा क्लासेस, आपल्याच घराची पुढची खोली. विद्यार्थी सध्या एक्केचाळीस, सगळे गणिताला. त्यातल्या तिसांच्या आया मला रोज विचारतात, की इंग्रजीचं कोण शिकवतं. मी त्यांना सांगते, की आमचे सर परदेशी असतात. पद: इंग्रजी विभागप्रमुख. विभागात तुम्ही एकटेच, त्यामुळे मार्टिनचं मन दुखायचा प्रश्न नाही. पगार: पहिले सहा महिने जेवणखाण आणि चहा. पुढे फी येईल तशी वाटणी, अर्धी अर्धी, मी हिशेबात कडक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. राहण्याची सोय: व्यवस्थापनासोबत. वार्षिक तिकीट: गोत्री ते अकोटा, जाऊन येऊन, रिक्षानं, माझ्या मावशीकडे. पासपोर्ट व्यवस्थापनाच्या कपाटात ठेवावा लागेल आणि तो परत मिळणार नाही. सुट्टी: आबांच्या डॉक्टरकडे जायचं असेल त्या दिवशी.

चेष्टा बाजूला ठेवते. फ्लॅटचा शेवटचा हप्ता डिसेंबरात गेला, बँकेतून कागद आणून मी देवापुढे ठेवला ते तुम्हाला सांगितलंच होतं. शलाकाच्या कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांची तजवीज ठेवीत आहे. क्लासचे महिन्याला अडतीस हजार येतात. सोडताना तुम्हाला शाळेकडून साडेसहा लाखांच्या आसपास मिळतील, ते आपण मोडायचे नाहीत. यात घर चालतं. ऐश होत नाही, पण ती आपण कधी केली. तुम्ही घाबरता ते पैशाला नाही, अहो. पगार बंद झाल्यावर या घरात आपण कोण, याला घाबरता. त्याचं उत्तर वर करारात लिहिलं आहे.

तिथे मिळणारा मान मोठा आहे, हे मला कळतं. तुम्ही थांबायचं ठरवलंत तरी मी दोन खोल्यांच्या घरासाठी पडदे शिवून आणीन आणि एक शब्द बोलणार नाही. पण या वेळी ठरवा. गप्प बसून होऊ देऊ नका.

शलाका म्हणते, पप्पांना सांग, परीक्षा सत्तावीस फेब्रुवारीला सुरू होते, पहिला पेपर त्याच दिवशी आहे. तुमचाही त्याच दिवशी शेवटचा दिवस. दोघं एकदमच बसा पेपरला.

कराराला उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास तो आपोआप रद्द समजावा, आमच्याकडे तुमच्या शाळेच्या उलट नियम आहे.
तुमचीच,
पूर्णिमा

*

सोहार
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
धनाजीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं बघून लिहितो आहे.

फळी स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या वर. देवाचं तोंड पूर्वेला. देवाच्या उजव्या हाताला भिंत आणि भांड्यांचं कपाट. डाव्या हाताला, हातभर अंतरावर, भिंतीत धूर ओढून घ्यायचा पंखा. चारही वेळा फळी तिथेच होती.

आता पंख्याचं सांगायला हवं. इथे प्रत्येक घराच्या छताला धुराची घंटा असते. पहिल्या वर्षी दसऱ्याला मी धूप घातला, आणि ती अशी वाजली, की पाच मजल्यांची माणसं मुलाबाळांसह खाली रस्त्यावर. राखणदारानं मला हात जोडून सांगितलं, की मास्टर, तुमच्या देवाला माझा सलाम, पण आधी पंखा लावत जा. त्या दिवसापासून मी उदबत्ती लावण्याआधी पंख्याचं बटण दाबतो. इतकी सवय झाली आहे, की ते पूजेतलाच एक भाग वाटतं. आधी पंखा, मग घंटा, मग उदबत्ती.

तुमचं पत्र वाचताना ट्रेमधल्या मालाच्या वाक्याशी आलो आणि हातातला चहा खाली ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन पंखा लावला आणि देवाच्या डाव्या खांद्याजवळ हात नेला. हाताला वारा लागला. उजव्या खांद्याशी काही नाही, कपाट आडवं येतं. आबा, मी किती तरी वेळ तसाच हात धरून उभा होतो.

काल शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी पुन्हा पाकळ्या लावल्या. उदबत्ती लावली नाही, फक्त समई. पंखा बंद. पेपर तपासत समोर बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. दुपारच्या नमाजाची बांग झाली. मी जेवलो, भांडी घासली, दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. संध्याकाळी मार्टिन निबंधांचे गुण विचारायला आला, त्यानं फळीकडे बघून विचारलं, की आज काही सण आहे का. मी म्हटलं, परीक्षा आहे. कुणाची ते त्यानं विचारलं नाही. आज सकाळी उठलो तर दोन्ही पाकळ्या फळीवर पडलेल्या. आधी कोणती पडली ते मला माहीत नाही. देवानं माझ्या झोपेत उत्तर दिलं असेल, तर ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

हसू आलं आणि मग रडूही आलं. सहा वर्षं मी एका पंख्याचं ऐकून राहिलो. शलाका सहावीत होती तेव्हा, आता बारावीत आहे. तिची उंची मी दर सुट्टीत दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं लिहून आलो, तेवढीच मला माहीत. देवावर रागावू म्हटलं तर त्याचा काय दोष, त्याला मी वाऱ्यात बसवलं. आणि खरं सांगतो, पंख्याचं कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. भीती वाटली. इतके दिवस थांबायला देवाचं नाव होतं. आता थांबलो तर मी थांबलो, असं होईल.

पूर्णिमाचा करार मिळाला. पासपोर्टचं कलम फार कडक आहे, असं तिला सांगावं.

एकोणीस दिवस उरले आहेत. तुम्ही मत नंतर देईन म्हणाला होता. ते आता हवं आहे.

तुमच्या शब्दाची वाट बघणारा,
धनाजी

*

गोत्री, बडोदे
१५ फेब्रुवारी २०२५

चि. धनाजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

पंख्याचं वाचून मी एकटाच इतका हसलो, की पूर्णिमा पाणी घेऊन धावत आली. मग तिला वाचायला दिलं, ती हसली आणि आत निघून गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. हार्दिकभाई म्हणतो, की आमच्या दुकानातही डावीकडचे कागद आधी उडतात.

तुला आजोबांच्या कौलाचं एक माहीत नाही, तू लहान होतास. सयाजी महाराजांच्या फौजेतून घरी आल्यावर त्यांच्याकडे आसपासच्या चार गावांतून माणसं कौलाला यायची. गुजराती, मराठी, सगळी. आजोबा पाकळी लगेच लावत नसत. आधी त्या माणसाला ओसरीवर बसवत, आणि तीनदा विचारत, की तुझं तुला काय वाटतं. पहिल्यांदा माणूस म्हणे, मला काय कळतं, देव सांगेल. दुसऱ्यांदा बायकोचं, भावाचं नाव सांगे. तिसऱ्यांदा खरं बोले. निम्मी माणसं तिसऱ्या उत्तरानंतर उठून घरी जात, पाकळी लावायची वेळच येत नसे. ज्यांना खरंच दोन्ही सारखंच वाटे, त्यांच्यासाठीच पाकळी. ती सुद्धा खिडकी बंद करून.

तू पाकळी लावलीस, पण ओसरीवर कुणी बसवून विचारलं नाही तुला. म्हणून मी विचारतो. तीनदा विचारलं असं समज.

सहा वर्षं वाया गेली असं लिहू नकोस. त्या सहा वर्षांत हे घर आपलं झालं, ज्यात बसून मी हे लिहितो. तुझ्या पंख्यानं आपल्याला फ्लॅट दिला म्हण हवं तर. माल एका बाजूनं आधी सुकला तरी आम्ही तो फेकत नसू, ट्रे फिरवत असू.

आता माझं मत. मी बारा वर्षांत तुला ये असं एकदाही लिहिलं नाही. बापानं ये म्हटलं की मुलाला यावंच लागतं, मग ते येणं त्याचं राहत नाही. आता लिहितो. तू मला घरी हवा आहेस. सकाळी चहाला समोर बसायला हवा आहेस, तू काय बोलतोस ते मला ऐकू आलं नाही तरी चालेल. हे मत आहे, हुकूम नाही. तुझा मान मोठा आहे आणि तो तू मिळवला आहेस. थांबलास तरी माझी मान खाली जाणार नाही.

बाकी क्षेम. ईश्वर तुला धीर देवो, अक्कल त्यानं दिलेलीच आहे.
आबा

*

सोहार
शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥

तीर्थरूप आबांस आणि सौ. पूर्णिमा, तुलाही,
शि. सा. नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याचे त्यानं वाटून घ्यावेत. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावर मी दहाएक दिवस ओसरीवर बसलो होतो, असंच समजा. पहिल्या प्रश्नाला मी म्हटलं, मला काय कळतं. दुसऱ्याला पगाराचे आकडे सांगितले, शलाकाची फी, तुमची औषधं. तिसऱ्याचं उत्तर परवा महाशिवरात्रीला आलं. उपास होता, शाळेतून चालत येत होतो, आणि वाटेत लक्षात आलं की मी मनातल्या मनात पुढच्या खोलीत फळा कुठे लावायचा ते ठरवतो आहे. खिडकीसमोर लावला तर मुलांच्या डोळ्यांवर उजेड येईल, म्हणून आतल्या भिंतीला. किती दिवस हे चाललं होतं कोण जाणे, पण फळा जवळजवळ लावून झाला होता.

काल सकाळी पूजा केली. आधी पंखा, मग घंटा, मग उदबत्ती. पाकळ्या लावल्या नाहीत. राजीनामा रात्रीच लिहून ठेवला होता, तो टाकापुढे ठेवला. या वेळी देवाला काही विचारलं नाही, फक्त सांगितलं. त्यानं हरकत घेतली नाही.

पहिल्या तासानंतर प्राचार्य बाईंकडे गेलो. त्यांना वाटलं मी होकार द्यायला आलो आहे. त्यांनी चहा मागवला, खजुराचा डबा पुढे केला आणि खणातून प्रमुखपदाचा करार काढून सहीच्या जागी पेन ठेवलं. मी माझा कागद त्यावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, की पैसे कमी पडतात का. मी नाही म्हटलं. कुणी काही बोललं का. नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, सातशे करते. आबा, खोटं कशाला सांगू, सातशे ऐकल्यावर माझा डावा हात आपोआप गुडघ्यावर घट्ट झाला. मार्टिनच्या आठशेच्या इतक्या जवळ आजवर कुणी भारतीय गेलेला नाही. मी मनात शलाकाचा वर्ग आठवला. ती त्याच वेळी पहिला पेपर लिहीत असेल. आणि मी म्हटलं, की बाई, घरी मला याहून वरचं पद मिळालं आहे. पगार किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चहा आणि जेवण. त्या हसल्या, आणि म्हणाल्या, की त्यांचे वडील अलेक्झांड्रियात एकटे असतात.

जाताना मी एक मागून घेतलं. प्रमुखपद लिसी टीचरला द्यावं. त्या कोट्टायमच्या, इथे चौदा वर्षं आहेत, माझ्याहून चांगल्या शिकवतात, आणि त्यांना अजून थांबायचं आहे, त्यांचं घर बांधून व्हायचं आहे. बाईंनी मार्टिनला बोलावून विचारलं, की तुझी हरकत आहे का. तो म्हणाला, त्याला हरकत एकच, की आता मधल्या सुट्टीत व्याकरण कुणाला विचारायचं. लिसी टीचरना निकाल मधल्या सुट्टीतच कळला. त्यांनी डब्यातली केळ्याची भजी काढून माझ्यापुढे ठेवली, सगळी.

शाळा सुटल्यावर घरी आलो तर आमच्या इमारतीच्या राखणदाराला बातमी आधीच कळलेली. त्यानं विचारलं, देवही जाणार का तुमच्याबरोबर. मी हो म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं, आता घंटेची काळजी मिटली, पण वास चांगला यायचा.

शाळा जूनअखेर सुटते. तोपर्यंत मुलांची परीक्षा आहे, ती नीट करून निघेन. पूर्णिमा, तुझा करार सही करून पाठवतो आहे. पासपोर्टच्या कलमाखाली मान्य असं लिहिलं आहे. वार्षिक तिकिटात अकोट्याला जाताना आबांनाही घ्यावं, एवढीच दुरुस्ती सुचवतो. फळा आतल्या भिंतीला. देवघरही नीट बघून मांडू, पंख्यापासून लांब.

शलाकाला विचारा पेपर कसा गेला. माझा बरा गेला.

पत्राबरोबर आणखी एक फोटो आहे. राजीनाम्याची प्रत, तिच्यावर शाळेचा गोल शिक्का, बाईंची सही आणि कालची तारीख. हार्दिकभाईंना म्हणावं, ही जरा जाड कागदावर काढा आणि वाचायची तेवढी सावकाश वाचा. आता लपवण्यासारखं त्यात काही नाही. आबांनी ती आईच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचावी, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं तरी चालेल.

चार महिने लोभ पत्रातून येऊ द्या. त्यापुढचा मी चहाबरोबर समोर बसून घेईन. राजीनामा दिला आहे, आबा.

तुमचा,
धनाजी